घैसासांच्या अंगणातला ओमेगा

जपानमधल्या त्सुकुबात राहायला गेलेल्या मराठी माणसाला घरचे नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, "मग, रॉकेटमध्ये का?" गाव सगळं संशोधन संस्थांचं, तेव्हा प्रश्न अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. विनायक घैसास गेली सतरा वर्षं या प्रश्नाला "नाही, काँक्रीटमध्ये" असं उत्तर देत होता आणि सतरा वर्षं विचारणाऱ्याचा चेहरा उतरताना बघत होता. रॉकेट म्हटलं की माणसं आणखी चार गोष्टी विचारतात. काँक्रीट म्हटलं की "बरं, तब्येत कशी आहे" यावर येतात.

त्याचं काम असं. काँक्रीटचे हातभर उंचीचे गोल ठोकळे ओतायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून ठेवायचे, मग यंत्रात घालून दाबायचे. ठोकळा कितव्या टनाला फुटला ते लिहून ठेवायचं आणि पुढचा ओतायला घ्यायचा. "मिस्टर काय करतात?" असं कोणी विचारलं की त्याची बायको प्रणिता सांगायची, "वाट बघतात आणि फोडतात." ती लहान मुलांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे कमी शब्दांत सांगायची तिला सवय आहे.

अशा माणसाला अडतिसाव्या वर्षी आकाशाचा नाद लागला. संस्थेतले एक जपानी साहेब निवृत्त होताना घरातला पसारा वाटून टाकत होते. कोणाला गोल्फच्या काठ्या मिळाल्या, कोणाला भाताचा कुकर मिळाला, आणि घैसासच्या वाट्याला वीतभर रुंद आरशाची जुनी दुर्बीण आली. तिला मोटर नव्हती, कॉम्प्युटर नव्हता, सगळं हातानं फिरवायचं. त्याच वर्षी त्यानं गावाच्या कडेला नेमोतो आजींचं बैठं घर भाड्यानं घेतलं, कारण त्याला अंगण होतं.

दुर्बिणीला पक्की बैठक लागते. इतर लोक तिपाईवर भागवतात. घैसासनं अंगणाच्या मधोमध कंबरेएवढा चौकोनी खांब ओतला, ज्यावर वेळ पडली तर पूल उभा राहिला असता, आणि अठ्ठावीस दिवस वाट बघितली. समोर राहणाऱ्या नेमोतो आजी हे रोज बघत होत्या. एकोणतिसाव्या दिवशी त्यांनी खांबाच्या पायथ्याशी फुलं आणि पाण्याचा पेला आणून ठेवला आणि प्रणिताला हळूच विचारलं की घरातलं कोण गेलं. जपानी थडगी साधारण तशीच दिसतात. खुलासा झाल्यावरही आजी वर्षातून एकदा तिथं फुलं ठेवत राहिल्या. एवढा चांगला खांब रिकामा का ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आकाशात बघण्यासारखं पुष्कळ असतं, पण घैसासचा जीव जडला तो गोलाकार तारकागुच्छांवर. लाखो तारे एकमेकांना धरून गोळा होऊन बसलेले असतात. दुर्बिणीत आधी नुसता कापसाचा बोळा दिसतो, मग डोळा सरावला की त्याच्या कडेनं एकेक तारा सुटा होऊ लागतो. "बारीक, जाड, सगळं एकजीव," असं तो कौतुकानं म्हणायचा, म्हणजे इथंही काँक्रीटच. उन्हाळ्यात एम-तेरा नावाचा गुच्छ तो येईल त्याला दाखवायचा. गॅसचं मीटर वाचायला येणाऱ्या माणसालाही त्यानं एकदा "संध्याकाळी परत या" असं सांगितलं होतं. पुढच्या महिन्यापासून मीटर वाचायला दुसराच माणूस येऊ लागला.

पण सगळ्या गुच्छांचा राजा म्हणजे नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा. कोटीभर ताऱ्यांचा गोळा. घैसास ज्या कराडात लहानाचा मोठा झाला तिथून तो मे महिन्याच्या संध्याकाळी आरामात दिसतो. मात्र कराडात असताना घैसास मान खाली घालून इंजिनिअरिंगची गणितं सोडवत होता. मान वर करायला शिकला तो जपानात, आणि जपान एवढं उत्तरेला की तिथून ओमेगा क्षितिजाच्या जेमतेम सहा अंश वर येतो, म्हणजे हात लांब करून तीन बोटं आडवी धरली तर तेवढ्यावर. सुट्टीत कराडला जावं तर मुलीच्या शाळेला सुट्टी ऑगस्टात, तेव्हा तिकडे पाऊस. नाही तर नवीन वर्षाला, तेव्हा ओमेगा पहाटे उगवतो, आणि पहाटे उठण्याच्या बाबतीत घैसासची बाजू पहिल्यापासून लंगडी.

घराच्या अंगणातून तर प्रश्नच नव्हता. दक्षिणेला आजींचा कांद्याचा वाफा आणि वाफ्याच्या टोकाला त्यांचं बांबूचं बेट, बारा महिने हिरवं, भिंतीसारखं. या घरातून ओमेगा दिसणं शक्य नाही, हे घैसासला पक्कं ठाऊक होतं.

आणि तरीही पाच वर्षांपूर्वी तोक्योतल्या निशी-कसाईच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, हातात मोदकाची कागदी ताटली असताना, तो बोलून गेला.

समोर संजीव होता. मुंबईच्या एका बँकेच्या तोक्यो शाखेत नुकताच आलेला, गोरागोमटा, बोलका, आणि नशिबानं त्यालाही ताऱ्यांचा नाद. त्याच्या दुर्बिणीला मोटरही होती आणि कॉम्प्युटरही. तो आठ-दहा जणांना सांगत होता, "ओमेगा बघायला मी यंदा मेमध्ये स्पेशली इशिगाकीला जाऊन आलो. जपानच्या एकदम साउथला. फ्लाइट, हॉटेल, सगळं. पण वर्थ इट." फोनवरचा फोटोही फिरला. फोटोत दुर्बीण होती आणि दुर्बिणीशेजारी रेनकोट घातलेला संजीव होता. लोक माना डोलावत होते. सकाळीच एका बाईचं घैसासला रॉकेटबद्दल विचारून झालं होतं. तो म्हणाला, "एवढ्या लांब कशाला गेलात? आम्हाला तर अंगणातून दिसतो."

थाप मारणाऱ्यानं एक पथ्य पाळायचं असतं, की थाप जिथं मारली तिथंच सोडून यायची. घैसासची थाप त्याच्याआधी ट्रेननं घरी पोचली. मंडळाच्या ग्रुपवर तो "ओमेगावाले घैसास" झाला. कोणी फोन करून सल्ला विचारू लागलं, कोणी "तुमच्या अंगणाचं बघा, नशीब लागतं" म्हणू लागलं. हेही एक वेळ चाललं असतं. पण तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या ओवीनं, त्याच्या मुलीनं, शाळेत जपानीत निबंध लिहिला: आमच्या अंगणातून माझ्या बाबांना एक कोटी तारे एकदम दिसतात. निबंध वर्षभर शाळेच्या भिंतीवर होता. पालकसभेला गेलं की घैसास त्या भिंतीकडे पाठ करून उभा राहायचा. मंडळात नाक कापलं गेलं असतं तर त्यानं सोसलं असतं. त्याला भीती होती ती त्या निबंधाची.

ओवी आता पंधरा वर्षांची होती. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायची, तेही निम्मं. त्या निबंधाचा विषय दोघांनी पुन्हा कधी काढला नाही.

यंदा एप्रिलच्या शेवटी संजीवचा फोन आला. त्याचं पोस्टिंग संपलं होतं, मे अखेरीस तो मुंबईला परत चालला होता. "घैसास, एक विश आहे रे. जायच्या आधी तुझ्या अंगणातून ओमेगा बघायचाय. थर्ड सॅटर्डेला येतो. अमावास्या आहे, चेक केलंय."

"ये ना," तो म्हणाला.

"त्याला एम-तेरा दाखव आणि हाच म्हणून सांग," प्रणितानं सुचवलं. ती पाच वर्षं या प्रकरणाचा मनापासून आनंद घेत होती.

"त्याच्या फोनमध्ये सगळ्या आकाशाचा नकाशा आहे. आणि एम-तेरा भलत्याच दिशेला असतो."

"मग खरं सांग."

यावर घैसास उठून अंगणात गेला आणि बांबूकडे बघत उभा राहिला. उरला मार्ग एकच होता, थाप खरी करून दाखवण्याचा.

त्यानं तीन संध्याकाळी खपून एक आराखडा काढला. खांब, कांद्याचा वाफा, बेट, बेटापर्यंतचं वीस मीटर अंतर, सहा अंशांचा कोन. बेटात एके ठिकाणी मीटरभर रुंदीची फट पाडली, की शनिवारी नऊ वाजून आठ मिनिटांनी ओमेगा त्या फटीत शिरणार आणि नऊ तेविसाला पलीकडच्या बांबूंमागे जाणार. पंधरा मिनिटं. त्यासाठी सात बांबू तोडणं भाग होतं. हा आराखडा, प्रणिताच्या चकल्यांचा डबा आणि खास दुकानातल्या मिठाईचा खोका घेऊन तो नेमोतो आजींच्या दारात गेला आणि कमरेत वाकून वाकून विनंती केली.

आजींनी आराखडा उलटा धरून बघितला, चकली मोडून तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "सात काय, सत्तर तोडा. पण मे महिन्यात बांबू तोडून उपयोग नसतो. हिवाळ्यात या."

"एकाच आठवड्याचा प्रश्न आहे," घैसास म्हणाला. आजींनी खांदे उडवले आणि दुसरी चकली घेतली.

संजीव यायच्या आधीच्या रविवारी त्यानं करवतीनं सात बांबू आडवे केले. घाम निथळला, हाताला फोड आले, पण फट झाली. झोपडीच्या खिडकीएवढी, स्वच्छ, आणि तिच्यातून थेट दक्षिणेचं आकाश. फटीच्या तळाशी मातीतून गुडघ्याएवढे पाच-सहा कोंब वर आले होते, तपकिरी, टोकदार, दिसायला गोजिरवाणे. त्यांच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. ज्याची सगळी नोकरी अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबावर चालते, त्याला सहा दिवस म्हणजे काहीच वाटत नाहीत.

आठवडाभर पाऊस होता आणि घैसास रोज काळोख पडल्यावर घरी येत होता. शुक्रवारी रात्री पाऊस थांबला, शनिवारी उत्तरेचा वारा सुटला आणि आकाश धुतल्यासारखं झालं. घैसास दुपारी बाजारात, संध्याकाळी स्टेशनवर. तोक्योच्या अकिहाबाराहून येणाऱ्या गाडीतून संजीव उतरला तो दोन्ही हातांत बाकरवडी, मेथीच्या जुड्या आणि आंब्याची पेटी घेऊन. जेवणं झाली. साडेआठला सगळे अंगणात आले, घैसासनं ऐटीत टॉर्च बांबूच्या बेटावर मारला, आणि तो तसाच हात वर धरून उभा राहिला.

फटीत पाच बांबू उभे होते. तीन-तीन पुरुष उंच, हिरवेगार, टोकाला अजून कोंबाची तपकिरी टोपी घातलेले. रविवारचे ते गोजिरवाणे कोंब.

"हे कधी झालं?" त्यानं प्रणिताला कुजबुजत विचारलं.

"रोज होतंय. सकाळी खिडकी उघडताना होते त्यापेक्षा संध्याकाळी लावताना हातभर जास्त. मला वाटलं तुझ्या आराखड्यात धरलं असेल."

"एनी प्रॉब्लेम?" संजीवनं मागून विचारलं.

"काही नाही, जरा साफसफाई," घैसास म्हणाला आणि करवत शोधायला धावला. करवत कुठं ठेवली ते आठवेना. अंधारात वाफ्यातून जाताना त्यानं दोन ओळी कांदे तुडवले. तो बांबूला हातानं हलवून बघू लागला, संजीव फोनचा टॉर्च धरून "लेफ्ट, लेफ्ट" म्हणू लागला, तेवढ्यात समोरच्या घराचं दार खाडकन उघडलं आणि नेमोतो आजी कोयता घेऊन बाहेर आल्या. त्या दिवसांत बांबूचे कोंब खायला चोरून नेणारे फिरतात. अंधारात दोन माणसांना आपल्या बेटात बघून आजींचा तोच समज झाला होता.

ओवी पुढे झाली आणि तिनं भराभर जपानीत काय ते सांगितलं. आजींनी घैसासकडे बघितलं, कांद्यांकडे बघितलं, आणि पुढं होऊन पहिल्या बांबूच्या बुडाशी एकच तिरका घाव घातला. कोवळा बांबू काकडीसारखा कापला गेला आणि सळसळत वाफ्यात आडवा झाला. त्र्याऐंशी वर्षांची बाई, पाच मिनिटांत पाच बांबू. घैसासच्या हाताला सात बांबूंचे फोड अजून होते.

कोयता चालवता चालवता आजी मोठ्यानं बोलत होत्या. घैसासला शब्द न् शब्द कळत होता. त्या म्हणत होत्या, मी या घरात लग्न होऊन आले त्याला साठ वर्षं झाली, तेव्हापासून हे बेट असंच आहे. या बेटाच्या पलीकडे साठ वर्षांत कोणाला एक चांदणी दिसलेली नाही. हा माणूस म्हणे इथून तारे बघतो.

संजीव पाच वर्षं जपानात राहून "धन्यवाद" आणि "पिशवी नको" यांच्यापुढे गेला नव्हता. त्यानं उत्सुकतेनं विचारलं, "काय म्हणतायत त्या? इंटरेस्टिंग वाटतंय."

प्रणिता आकाशाकडे बघू लागली. मग ओवी बोलली, शुद्ध, सलग मराठीत, जशी ती घरात कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

"आजी म्हणतायत, बाबा इथं रात्र रात्र उभे असतात. त्यांनी स्वतः बघितलंय. म्हणतायत, एवढं बघून कंटाळा कसा येत नाही."

"वा," संजीव म्हणाला. "म्हणजे विटनेसपण आहे."

घैसासनं मुलीकडे बघितलं. ती हातातल्या फोनकडे बघत होती, चेहरा नेहमीसारखा कोरा. तिला ठाऊक होतं. आजपासून नव्हे, कधीपासूनच. बेट तिच्याही खिडकीसमोर होतं, आणि दहा वर्षांच्या पोरीलाही सहा अंश म्हणजे किती ते एक दिवस कळतंच. निबंध भिंतीवरून उतरल्यावर तिनं तो घरी का आणला नाही, हे त्याला आता समजलं. त्याला फार लाज वाटली. शरमेनं कान तापणं म्हणजे काय, हे त्याला एकोणपन्नासाव्या वर्षी आपल्याच अंगणात कळलं.

पण नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. दुर्बीण त्यानं आकड्यांवरून आधीच फटीवर रोखून ठेवली होती, ओमेगा आपला आपण चालत येऊन तिच्यात शिरणार होता. घैसास स्टुलाकडे वळला.

"तू कुठे?" संजीव स्टुलावर बसत म्हणाला. "तू तर नेहमीच बघतोस. आज मला एंट्री बघू दे."

पाहुणा होता, त्याला उठवणार कसं? घैसास बाजूला झाला. नऊ आठला संजीवचं बोलणं एकाएकी बंद पडलं. बडबड्या माणूस गप्प झाला की ज्याला कळायचं त्याला कळतं. पाच मिनिटं तो हलला नाही, मधूनमधून फक्त दुर्बिणीची मूठ फिरवून ती सरकवत राहिला.

"आता आजींना," तो शेवटी म्हणाला. "त्यांच्यामुळे दिसला."

हेही बरोबर होतं. आजी स्टुलावर बसल्या, कोयता मांडीवर ठेवला, डोळा लावला आणि म्हणाल्या, "तांदळाचा कोंडा सांडलाय." आणि तशाच बसून राहिल्या. साठ वर्षं जे आपल्याच बांबूमागं होतं ते बघायला त्यांना अडीच मिनिटं लागली. मग प्रणिता बसली. "यजमान शेवटी," ती नवऱ्याला म्हणाली, आणि तिला नको तितकी मजा येत होती. मग ओवी बसली, पण लगेच उठून बापाकडे बघू लागली. तेवढ्यात संजीव परत स्टुलावर. त्यानं फोनचा कॅमेरा भिंगाला लावला. "ग्रुपवर टाकतो. थांब रे, तुला काय, तू उद्या बघशील."

नऊ एकोणीस. हवामानाच्या अंदाजात उद्या ढग होते, परवा पाऊस होता, जूनमध्ये पावसाळा लागणार होता आणि त्याच्या आधी पुढचे कोंब उगवणार होते. चार मिनिटं होती, आणि स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या खांबाशी, स्वतःच्या दुर्बिणीपासून हातभर अंतरावर घैसास स्वतःच्याच थापेच्या मागं रांगेत उभा होता. आपण बोललो नाही तर ही थाप जन्मभर टिकेल, हे त्याला लख्ख दिसलं. ओवीनं तिला आता चांगला मजबूत टेकू दिला होता. फक्त ओमेगा तेवढा बघायचा राहील.

"संजीव, ऊठ," तो म्हणाला. "मी बघितलेला नाही."

"काय?"

"ओमेगा. कधीच बघितलेला नाही. इथून दिसायचाच नाही. मी थाप मारली होती, पाच वर्षांपूर्वी, मोदक खाताना. आजी मघाशी तेच सांगत होत्या. ओवी माझ्यासाठी खोटं बोलली, तिची काही चूक नाही."

आजींनी ओवीला विचारलं, काय म्हणतोय हा? ओवीनं या वेळी जसंच्या तसं जपानीत सांगितलं. "मग मी काय म्हणत होते?" आजी म्हणाल्या.

संजीवनं फोन खाली घेतला, पण स्टुलावरून उठला नाही. भिंगाला डोळा लावून तो तसाच, वर न बघता बोलला.

"इशिगाकीला तीन दिवस पाऊस होता. मला काही दिसलं नव्हतं."

"रेनकोट," प्रणिता म्हणाली.

"हो. आणि तुझ्या त्या अंगणापायी पाच वर्षं मी गुंतून राहिलो, घैसास. मोठी दुर्बीण घेतली. पुन्हा दोनदा इशिगाकीला गेलो. दोन्हीदा ढग. मी पण आज पहिल्यांदाच बघतोय, त्यामुळे मी उठणार नाही."

हे ऐकून घैसासला खरं म्हणजे बरं वाटायला हवं होतं. पण नऊ वीस झाली होती. दोन मोठी माणसं, दोघं पन्नाशीला टेकलेली, एका स्टुलासाठी अडून राहिली. तेव्हा ओवीनं फोनवर वेळ लावली आणि शाळेत झोपाळ्याची पाळी लावतात त्या आवाजात म्हणाली, "एकेक मिनिट. काका, तुमचं सुरू."

संजीवनं आपलं मिनिट गपचूप वापरलं. "कोताइ," ओवी म्हणाली. पाळी बदला. तो उठला, आणि उठताना त्यानं घैसासच्या खांद्यावर हात ठेवून त्याला स्टुलावर बसवलं.

घैसासनं डोळा लावला. आधी काहीच दिसेना, डोळ्यात पाणी होतं. मग एक मळकट, पिवळसर डाग दिसला. तोक्योच्या दिव्यांनी तळाशी उजळलेलं आकाश, जमिनीलगतची उकळती हवा, आणि त्यात थरथरणारा, कडा नसलेला, फार मोठा गोळा. एम-तेरा याच्यापेक्षा कितीतरी देखणा दिसतो. पुस्तकातल्या फोटोशी याचं नातं सांगूनही पटलं नसतं. त्यानं मूठ हळूच फिरवली, श्वास धरला, आणि क्षणभर हवा स्थिरावली तेव्हा त्या डागाच्या अंगावर बारीक रवाळ काही तरी उठलं आणि परत विरघळलं. तारे होते ते.

मिनिट संपलं असावं. ओवी "कोताइ" म्हणाली नाही. डाव्या बाजूनं एका बांबूची काळी पट्टी आत सरकली, डाग अर्धा झाला, मग पाव.

"बाबा," ओवीनं मराठीत विचारलं, "दिसतोय?"

"दिसतोय," घैसास म्हणाला. "अगदी पुसट दिसतोय. तुझ्या निबंधात होता तेवढा मोठा नाही."

ती त्याच्या पाठीला टेकून उभी राहिली. बांबूमागं शेवटचा तुकडा जाईपर्यंत तो उठला नाही, आणि त्याला कोणी उठवलंही नाही. मागं वाफ्यात नेमोतो आजी टॉर्च घेऊन तुडवलेले कांदे मोजत होत्या.